कनू, डोणी की नुसती होडी?

प्रत_सुधारक
सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावरील जलक्रीडांची एक माहितीपुस्तिका मराठीत तपासायला आली आहे. मूळ मजकुरात रोइंग, कनूइंग आणि कयाकिंग असे तीन प्रकार आहेत. मराठीत तिन्ही ठिकाणी 'नौकानयन' पडलंय, त्यामुळे एक वाक्य जवळजवळ 'नौकानयन, नौकानयन व नौकानयनाची सोय' असं झालंय. कनूला नेमका शब्द कोणता? आणि लिहायचं कसं: कॅनो, कॅनू, कनू की कनोई?

वल्हेबहाद्दर
नाव ठेवण्याआधी फरक बघा. तो होडीत कमी आणि वल्ह्यात जास्त आहे.

रोइंगमध्ये वल्हं होडीच्या काठावरच्या कडीत अडकवलेलं असतं आणि माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो. कनू आणि कयाकमध्ये वल्हं दोन्ही हातांत सुटं असतं, तोंड पुढे. कनूच्या वल्ह्याला एकच पातं आणि वरच्या टोकाला मूठ असते, कयाकच्या वल्ह्याला दोन टोकांना दोन पाती. कयाकमध्ये बूड टेकून, पाय पुढे पसरून बसतात. कनूमध्ये गुडघे टेकतात किंवा आडव्या पट्टीवर बसतात.

'वरून उघडी ती कनू, झाकलेली ती कयाक' ही खूण मात्र पुस्तिकेत घालू नका. खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून वळत जायच्या स्लॅलम स्पर्धेची सी-१ (एकट्याची कनू) वरून झाकलेली असते, तरी ती कनूच, कारण आतला माणूस गुडघ्यांवर असतो आणि हातात एकपाती वल्हं असतं.

कोशकिडा
घोळ इंग्रजीतच आहे. ब्रिटनमध्ये ढोबळपणे कयाकलाही कनू म्हणतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नावात फक्त कनू आहे, पण कारभार दोन्हींचा. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकपासून दोन्ही एकाच शीर्षकाखाली आहेत. कनूला युरोपात 'कॅनेडियन' म्हणत, सी-१मधला सी तिथला.

शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. कोलंबसाच्या सफरीनंतर तो स्पॅनिशमध्ये 'कानोआ' झाला, तिथून इंग्रजीत आला. कयाक हा इन्युइटांचा शब्द, त्याचा याच्याशी संबंध नाही. इंग्रजी उच्चार 'कनू', जोर शेवटच्या अक्षरावर. 'कनोई' म्हणजे स्पेलिंग डोळ्यांनी वाचल्याचा पुरावा.

भीमाकाठ
'कनू' लिहिलं की गुजराती गृहस्थ होडीत बसल्यासारखे वाटतात. कॅनू बरं.

तीनभाषी
सोलापुरात बसून हा प्रश्न पडावा याची गंमत वाटते. अक्कलकोटकडे जा, कन्नडमध्ये होडीला सरळ 'दोणि' म्हणतात. पूर्व भागातल्या तेलुगू घरात 'दोने' म्हणजे छोटी होडी. आणि मराठीत डोण म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी किंवा लाकडी कुंडी, डोणी म्हणजे तशीच लहान कुंडी आणि लहान होडीसुद्धा. संस्कृत 'द्रोणी'लाही पन्हळीसारखं लाकडी पात्र आणि होडी असे दोन्ही अर्थ आहेत. पानांचा द्रोण त्याच कुळातला. शहराच्या तिन्ही भाषांत शब्द तयार असताना ताईनोंकडून उसना कशाला?

कोशकिडा
कारण डोणी म्हणजे कोरलेली होडी. अखंड ओंडका आतून पोखरला की जे होतं ते. त्या अर्थाने शब्द अचूक आहे. नेदरलँड्समध्ये १९५५ साली पेसे गावाजवळ सापडलेली होडी इ.स.पू. ८०००च्या सुमाराची मानतात. पाइनच्या एका खोडातून कोरलेली, लांबी सुमारे ३ मीटर, रुंदी ४४ सेंटिमीटर. तिला बिनदिक्कत डोणी म्हणा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा लोकांची रेड सीडर झाडाची डोणीही तशीच. ते ओंडका पोखरून झाल्यावर आत पाणी भरत, तापलेले दगड टाकून वाफ काढत आणि लाकूड मऊ पडलं की आडव्या काठ्या ठोकून काठ फाकवत. भिंती सगळीकडे सारख्या जाडीच्या नसतील तर लाकूड याच वेळी तडकतं. बिल रीड या हैदा शिल्पकाराने प्राण्यांनी खच्चून भरलेली अशी होडी ब्राँझमध्ये घडवली, ती २००४च्या वीस डॉलरच्या कॅनेडियन नोटेवरही होती. त्या शिल्पावर मराठीत लिहिताना 'डोणी' शोभेल.

पण पूर्वेकडच्या जंगलातली कनू कोरलेली नसतेच. बर्च झाडाची साल पसरायची, स्प्रूस झाडाच्या मुळ्यांनी शिवायची, आतून सीडरच्या फासळ्या दाबून बसवायच्या, शिवण राळेने बुजवायची. राळेत चरबी घालतात, नाहीतर थंडीत ती तडकते, आणि चरबी जास्त झाली तर उन्हात ओघळते. हलकी असल्याने दोन नद्यांमधली जमीन ती खांद्यावर घेऊन ओलांडता येई. हिला डोणी म्हणणं म्हणजे पत्रावळीला परात म्हणणं. आजची फायबरची कनू या सालीच्या कनूची नात आहे.

भीमाकाठ
मग 'सांगड' का नको?

तीनभाषी
सांगड म्हणजे दोन होड्या, ओंडके किंवा भोपळे एकत्र बांधून केलेलं तरणारं साधन. 'सांगड घालणे' तिथूनच आलं. मल्याळममध्ये 'चंगाडम' म्हणजे तराफा, आणि पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात दक्षिणेकडच्या जोडबांधणीच्या जहाजांना 'सांगारा' म्हटलंय. सांगड शब्द कॅटमरानसाठी, म्हणजे जोडहोडीसाठी, राखून ठेवा. कोकणात होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेलं लाकूड असतं ते उलांडी. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कनूला 'उलांडीची होडी' म्हणता येईल, पण उजनीवर तिचं काम नाही.

प्रत_सुधारक
म्हणजे इतिहासात डोणी, खेळात कॅनू. पटलं. पण 'पॅडल'ला काय? तेही वल्हं आणि 'ओअर'ही वल्हं.

वल्हेबहाद्दर
'सुटं वल्हं' आणि 'कडीचं वल्हं'. नवे शब्द घडवायची गरज नाही. कयाकचं 'दुपाती'.

हा भेद शिकवताना लागतोच. सुटं एकपाती वल्हं उजवीकडे मारत राहिलं की टोक डावीकडे वळतं. दर वेळी बाजू बदलत बसायचं नसेल तर मागच्या माणसाने फटका संपताना वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पातं किंचित बाहेर रेटायचं. पुस्तिकेत याचं 'जे आकाराचा स्ट्रोक' केलंय, त्यातून काहीच कळत नाही. 'शेवटी बाहेर रेटा' लिहा.

एकट्याने मागच्या पट्टीवर बसलं तर पुढचं टोक उचललं जातं आणि वारा ते हवं तिकडे फिरवतो. मध्याजवळ गुडघे टेकून बसायचं. दोन्ही टोकं सारखी असली तर होडीचं मागचं टोक पुढे करून पुढच्या पट्टीवर मागे तोंड करून बसतात, म्हणजे वजन मध्याकडे येतं.

भीमाकाठ
'शांत जलाशय' हे शब्द मात्र काढाच. मे २०२४मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वारा अचानक उठतो, आणि एवढ्या मोकळ्या पाण्यावर त्याला अडवायला काही नाही. शिवाय उन्हाळ्यात धरणाचा उपयुक्त साठा संपून उणे झाला की काठ दूर सरकतो, मधे चिखल उघडा पडतो. 'काठावरून होडीत बसा' हे वाक्य सप्टेंबरमध्ये खरं, मेमध्ये नाही. 'लाइफ जॅकेट'ला जीवरक्षक कवच वगैरे करू नका, घाबरलेला माणूस तो शब्द ओरडणार नाही.

कोशकिडा
'नौकानयन' रोइंगला राहू द्या, पण फक्त रोइंगला. हांगझूच्या आशियाई स्पर्धेत (२०२३ साली झाली) भारताच्या अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांचं १००० मीटरचं कांस्य सी-२मधलं, म्हणजे दोघांच्या कॅनूचं. त्याच स्पर्धेत भारताची रोइंगची पाच पदकं वेगळी. दोन्हींना एकच शब्द वापरला तर पदकांचा हिशोब जुळत नाही.

प्रत_सुधारक
वाक्य असं केलंय: 'कॅनू: गुडघ्यांवर आरूढ होऊन एकपाती सुट्या वल्ह्याने चालवायची होडी. उलटल्यास होडीला धरून राहावे, काठाकडे पोहू नये.'

तीनभाषी
'आरूढ' कशाला, घोडा आहे का? 'गुडघे टेकून' लिहा. बाकी छापायला द्या.