डूला ठेवावी, की घरची जाणती बाई पुरे?

मलप्रभा: डूला म्हणजे कळा सुरू झाल्यापासून बाळंतिणीजवळून न हलणारी, पगारी, शिकलेली सोबतीण. आपल्या बेळगाव भागात तिची गरज नाही. सरकारी दवाखान्यात घरच्या एका बाईला प्रसूतीच्या खोलीत थांबू द्यायला केंद्रानं २०१६मध्येच परवानगी दिली. तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं, तिला संसर्ग नसावा, उपचारात लुडबुड करू नये, बस्स. आई, सासू असताना परक्या बाईला पैसे कशाला मोजायचे?

वेदगंगा: लुडबुड न करणं हेच तर घरच्यांना जमत नाही की! गर्भपिशवीचं तोंड जेमतेम सहा सेंटिमीटर उघडलेलं असतं आणि मावशीचं कानाशी "लाव जोर, लाव जोर" सुरू. दहा सेंटिमीटरच्या आधी जोर केला तर तोंडाला सूज येते, बाळ अडतं आणि ऐनवेळी बाईत त्राण उरत नाही. डूला तिला कुशीवर वळवते. उताणं पडलं की पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन रक्तदाब उतरतो. कळ आली की माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताचा खालचा भाग रोवून कळ ओसरेपर्यंत दाब देते. दर दोन तासांनी लघवीला नेते, कारण मूत्राशय भरलं की बाळाचं डोकं खाली सरकत नाही. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, पंधरा हजारांहून जास्त बायका होत्या. सतत सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी झाली, कळांचा वेळही सरासरी चाळीसेक मिनिटांनी घटला.

मलप्रभा: त्यात घरच्यांची सोबतही मोजली आहे, ते गाळलंत. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड, घेऊन तपासणीला जाताना मावशीलाच बरोबर न्या, नर्सकडून हे सगळं दाखवून घ्या.

मार्कंडेय: रक्तस्रावाचं कुणी बोलेना. इथल्याच जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाचा अभ्यास २००६मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत एएनएमनी, म्हणजे आरोग्यसेविकांनी, प्रसूतीनंतर रक्तस्राव रोखणारं मिसोप्रोस्टॉल हे औषध ६०० मायक्रोग्रॅम तोंडावाटे दिलं. औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत अतिस्राव १२ टक्के, खरी मिळालेल्यांत ६.४. हे काम डूलाचं नव्हे, मावशीचंही नव्हे. आतून तपासणारी किंवा सलाईनचा वेग बदलणारी डूला दारातूनच परत पाठवा.

वेदगंगा: मान्य. पण ती खरी उपयोगी पडते घरी आल्यावर. दारं-खिडक्या लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली की विषारी वायू कोंडतो. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरतं, तोवर दर वेळी चमचा-दीड चमचा चीक बाळाला पुरतो. घरात मात्र "दूधच नाही" म्हणून बाटली येते. बाळ ओढेनासं झालं की दूध आणखी आटतं. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळ्या वर्तुळाचा बराच भाग तोंडात आहे का, हे कुणीतरी जवळ बसून बघायला नको?

मलप्रभा: आशाताई बघते की, फुकटात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी तिच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत.

वेदगंगा: बाटली दुसऱ्या रात्रीच लागते, ताई.