जर्मन रसायन कंपनी बीएएसएफची पहिली अमोनिया भट्टी का फुटली?

प्रश्न: जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून मोठ्या दाबाखाली अमोनिया करून दाखवला, पण बीएएसएफचा जर्मनीतल्या ओपाऊचा कारखाना सुरू व्हायला १९१३ उजाडलं. अडलं कुठे?

प्रतिसाद १: पोलादात. भट्टीच्या सुरुवातीच्या नळ्या सुमारे ८० तासांत फुटल्या. दाब सोसायला पोलाद पुरेसं होतं, पण तापलेला हायड्रोजन आत झिरपून त्यातल्या कार्बनशी मिथेन बनवतो. कार्बन गेला की धातू ठिसूळ होतो, वर अडकलेल्या मिथेनमुळे बारीक भेगा पडतात. बीएएसएफचा अभियंता बॉशने आत जवळजवळ कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर घातलं. दाबाचा भार बाहेरच्या पोलादावर. त्या पोलादाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला वायू साचण्याआधीच बाहेर पडतो. साधा उपाय, पण सुचायला बॉशच हवा!

प्रतिसाद २: उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, विसरू नका. हाबरचा ऑस्मियम उत्तम चालायचा, पण जगात होता किती? बीएएसएफमधल्या रसायनशास्त्रज्ञ मिटाशच्या गटाने हजारो मिश्रणं तपासून लोखंडात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि पोटॅश (पोटॅशियमचं संयुग) घालायचं ठरवलं. आजही मूळ कृती तीच. गंधक मात्र अजिबात चालत नाही. किंचित आलं तरी उत्प्रेरक मरतो.

प्रतिसाद ३: पुढे १९२१ मध्ये ओपाऊलाच खताचा साठा उडाला, तो भट्टीचा दोष नव्हता. घट्ट झालेला ढीग सुरुंगाने फोडत होते.