थंडीत खाणीचा बार एवढा जवळ का वाटतो?

होटगीरोड_सून: आमचं घर सोलापुरात होटगी रोडला, खाण उगवतीला तीनेक किलोमीटरवर. मे महिन्यात दुपारी सुरुंग उडाला तरी आवाज कळत नाही. पण संक्रांतीच्या आसपास सकाळी साडेसातला बार झाला की मांडणीवरचे स्टीलचे डबे वाजतात, सासूबाई दचकून उठून बसतात. त्यांना बीपी आहे. खाणवाले म्हणतात, सुरुंगाची दारू बाराही महिने तेवढीच. खरं असेल का हे?

खडीवाला_निवृत्त: ताई, २२ वर्षं मी खाणीवर होल मारून दारू भरली. त्यांचं खरं असू शकतं. थंडीत सकाळी बार उडाला की धूर वर जातच नाही. जरासा चढतो आणि ज्वारीच्या रानावर चादरीसारखा पसरून राहतो. तीच खूण. रात्रभर जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार. उबदार हवेत आवाज जोरात पळतो (० अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, ४० अंशाला ३५५). त्यामुळं वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो. मेमध्ये दुपारी उलटं: जमीन तापलेली, आवाज वर वळतो, तुमच्या डोक्यावरून जातो. त्यात थंडीत वारं उगवतीचं असलं की वाऱ्यासोबत येणारा आवाजही खालीच वाकतो.

बाळे_वेस: म्हणूनच गड्ड्याला (सिद्धेश्वर यात्रेला) होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम रात्री आम्हाला बाळ्यात ऐकू येतं!

भूगोलाच्या_बाई: वर्गात मी ओपाऊचं उदाहरण देते. २१ सप्टेंबर १९२१ ला जर्मनीतल्या त्या खत कारखान्यात स्फोट झाला, तो जवळपास ३०० किलोमीटरवरच्या म्युनिकमध्ये ऐकू आला. चाळीस-पन्नास किलोमीटर उंचीवर ओझोन ऊन शोषतो, तिथली हवा उबदार असते, तिथून आवाज परत वळतो. त्यामुळं मोठ्या स्फोटात मधला पट्टा शांत आणि पलीकडच्या गावांना आवाज, असंही होतं.

खडीवाला_निवृत्त: एक मात्र ध्यानात ठेवा. जमिनीतून येणारा हादरा हवामानानं बदलत नाही. आधी फरशी थरथरते, आवाज मागून येतो. थंडीत फरशीसुद्धा जास्त हादरत असेल, तर दारू वाढलीय असं समजा.

होटगीरोड_सून: काका, आज सकाळी फरशीवर तळहात टेकवून बसले. बारीक थरथर लागली, मेमध्ये लागते तेवढीच. मग आठ मोजले आणि डबे वाजले. उद्या मिस्टरांना घेऊन खाणीवर जाते. बार दुपारी बारानंतर उडवा, एवढंच मागणार आहे.