युनियन नाहीये, लाइनवरच्या लोकांना एकत्र कसं आणायचं?

सेकंडशिफ्ट_चाकण: ऑटो पार्टच्या कंपनीत आहे, सहा वर्षं झाली. आमच्या शॉपमध्ये 60 जण, त्यातले 14 परमनंट बाकी सगळे कॉन्ट्रॅक्टवाले. ओव्हरटाइम सिंगल रेटने देतात, कायद्याने डबल आहे हे सगळ्यांना माहितीये. मागच्या महिन्यात एक जण विचारायला गेला तर दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्डच चालेना, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तुला ब्रेक दिलाय. तेव्हापासून सगळे चिडीचूप. सुरुवात कुठून करू?

भोसरीचा_फिटर: एकट्याला पाठवू नका, कधीच. आमच्याकडे हीट ट्रीटमेंटला उन्हाळ्यात उभं राहवत नव्हतं, एक्झॉस्ट फॅन बंद. आधी चहाला दोघा-दोघांशी बोललो, मग अर्ज लिहिला आणि सह्या गोलात घेतल्या, म्हणजे पहिली कोणाची ते कळतच नाही. मग जेवणाच्या सुट्टीत 22 जण केबिनसमोर उभे, प्रत्येकाने एकेक वाक्य बोलायचं असं ठरलेलं. चार दिवसांत फॅन लागला. फॅन छोटी गोष्ट आहे पण त्या दिवसानंतर लोकांची मान जरा वर झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वकिलीण_पिंपरी: कागद जपा. पे स्लिप, पंचिंगचे फोटो, ओव्हरटाइमच्या तारखा घरी वहीत लिहा, कंपनीच्या फोनवर किंवा ग्रुपवर काही नको. युनियन रजिस्टर करायला अर्जावर सात जणांच्या सह्या लागतात, पण सभासद एकूण कामगारांच्या 10 टक्के किंवा 100 यातले जे कमी असेल तेवढे हवेत. युनियनसाठी काम करतो म्हणून काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, फक्त ते सिद्ध करायला हाच कागद लागतो.

लालबागकर: आमच्या घरी पणजोबांपासून गिरणी. 1928 ला मालक दोनाच्या जागी तीन साचे (माग) चालवा म्हणाले, लोक बाहेर पडले ते सहा महिने. त्या वर्षात गिरणी कामगार युनियनचे सभासद 50 हजारांच्या वर गेले, पण खरी ताकद गिरणी समित्यांची, खात्यातलीच माणसं, जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, तिथल्या तिथे भांडणारी. मोठ्या नेत्याची वाट बघत बसू नका रे, नेता गेटबाहेर असतो, लाइनवर तुम्हीच असता. आणि ते 14 परमनंट सोबत घ्याच, त्यांना एका दिवसात काढता येत नाही, पुढे त्यांनी उभं राहायचं.

सेकंडशिफ्ट_चाकण: 14 पैकी तिघं माझ्याच बसने येतात, खेडपासून. एकाची बहीण कॅन्टीनला आहे, बायकांशी तीच बोलेल म्हणाली. उद्यापासून वही सुरू. त्या काढलेल्या पोराच्या घरी रविवारी जाऊन आलो, त्याची पे स्लिप पण मिळाली, ओव्हरटाइमचे 38 तास आहेत त्यात, सगळे सिंगलने.