डी.फार्म.चे शब्द डोक्यात बसंनात, काय करू?

लातूरवाली: नमस्कार. यंदा डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत झेडपीची मराठी शाळा. फार्मास्युटिक्सच्या प्रॅक्टिकलला सर म्हणतात "लेव्हिगेट करा", अन् मी शेजारणीच्या टाईलकडं बघत बसते. ट्रिट्युरेशन, व्हेइकल, क्यू.एस., डब्ल्यू बाय व्ही... रात्री पाठ, सकाळी पाटी कोरी. पुस्तक, यूट्यूब, कायबी सुचवा.

जालना_मेडिकल: ताई, आहे ते पुस्तक बास. शब्दांची यादी मात्र आधी फेकून द्या. एकच फॉर्म्युला घ्या, कॅलामाईन लोशनचा. हजार मिलिला कॅलामाईन १५० ग्रॅम, झिंक ऑक्साईड ५०, बेंटोनाईट ३०. हे खलात घोटून बारीक केलं की झालं ट्रिट्युरेशन. बेंटोनाईट कशाला? भुकटी पटकन तळाला बसू नये म्हणून; तो सस्पेंडिंग एजंट. तरी थोडी बसतेच, म्हणून लेबलवर "हलवून वापरा" पाहिजेच. ते विसरलं की व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न त्याचाच. गुलाबपाणी हे व्हेइकल, म्हणजे ज्यात बाकी सगळं मिसळतं ते द्रव. आता क्यू.एस. १००० मिलि लिहिलंय म्हणून हजार मिलि गुलाबपाणी ओतायचं नसतं. सगळं मिळून हजार भरायला जेवढं लागंल तेवढंच. अर्धा वर्ग इथंच चुकतो.

लेव्हिगेशन मलमात कळतं. झिंक ऑक्साईड टाईलवर घ्या, थोडासाच बेस (ज्यात औषध मिसळतं तो मलमाचा मूळ पदार्थ) घालून स्पॅट्युलानं रगडा. बोटाला कचकच लागेना झाली की मग उरलेला बेस.

अंबाजोगाईकर: वरच्यांशी सहमत. टक्क्यांचं तेवढं सांगतो. ५ टक्के डब्ल्यू बाय व्ही म्हणजे तयार द्रावणाच्या १०० मिलित ५ ग्रॅम. १०० मिलि पाण्यात ५ ग्रॅम टाकले तर आकारमान वाढतं, टक्का घसरतो. मलमात दोन्ही वजनं, म्हणून डब्ल्यू बाय डब्ल्यू. "एकास हजार" दिसलं की १००० मिलित १ ग्रॅम, म्हणजे ०.१ टक्के. एवढं पक्कं झालं की गणितं निम्मी सुटली.

परभणी_काउंटर: डॉक्टरच्या चिठ्ठ्या वाचायची सवय आत्तापासून लावा. बी.डी. दोनदा, टी.डी.एस. तीनदा, एच.एस. झोपताना, ए.सी. जेवणाआधी, पी.सी. जेवणानंतर. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्याच्या चिठ्ठीवर तेच उजवा डोळा असू शकतं. शंका आली तर डॉक्टरला फोन लावायचा, अंदाजपंचे द्यायचं नाही.

लातूरवाली: लई आभार सगळ्यांचे! कॅलामाईनपासूनच सुरू करते. अजून एक, जॉमेट्रिक डायल्युशन अन् युटेक्टिक मिश्रण?

जालना_मेडिकल: जॉमेट्रिक डायल्युशन असं: औषध अर्धा ग्रॅम असंल तर आधी लॅक्टोजही (पुडी भरायची साधी भुकटी) अर्धाच ग्रॅम. घोटलं की एक ग्रॅम झालं, त्यात अजून एक ग्रॅम लॅक्टोज, मग दोन. दरवेळी खलात असंल तेवढंच. सगळं लॅक्टोज एकदम ओतलं तर एका पुडीत औषध, दुसरीत नुसतं लॅक्टोज.

युटेक्टिकसाठी घरची अमृतधारा आठवा. कापूर, पुदिन्याचं सत्त, ओव्याचं सत्त, तिन्ही कोरडे. एकत्र आले की वितळून पाण्यासारखं द्रव. पण पुड्या बांधायच्या असतील तर हे पाणी नको असतं. मग प्रत्येकाला वेगवेगळं हलक्या मॅग्नेशियम कार्बोनेटमध्ये घोळवायचं आणि शेवटी हलक्या हातानं मिसळायचं, घोटायचं नाही.