आधी बोरी-तुळजापूर मार्गाचं राहिलेलं काम पूर्ण करा, शक्तिपीठाचं मग बघू

धुरेकरी

नागपूरजवळच्या बुटीबोरीहून तुळजापूरला जाणारा आमचा रस्ता कागदावर आता राष्ट्रीय महामार्ग 361 आहे, पण आमच्याकडे अजूनही तुळजापूर रोडच. बुटीबोरीला हैदराबादचा रस्ता सोडायचा, मग केळझर, सेलू, पवनार, वर्धा, देवळी. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. कळंब, यवतमाळ, आर्णी, कोसदनीचा घाट, महागाव, उमरखेड, आणि पैनगंगा. पुलापलीकडे मराठवाडा: हदगाव, नांदेड, लोहा, लातूर, औसा, तुळजापूर.

नवीन शक्तिपीठ महामार्गाबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी या रस्त्याचा इतिहास सांगणं गरजेचं वाटतं. हा एकसंध रस्ता म्हणून फार जुना नाही. वर्धा नदीच्या पूर्वेला मध्य प्रांत, पश्चिमेला वऱ्हाड आणि पैनगंगेच्या दक्षिणेला निजाम, अशी आजच्या एका रस्त्यावर तीन कारभारांची हद्द होती. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं, म्हणजे वर्धा नदीची हद्द सैल झाली. पैनगंगेपलीकडे मात्र 1948 पर्यंत निजामच होता. विदर्भ आणि मराठवाडा एका राज्यात आले ते 1956 ला.

इंग्रजांच्या काळात यवतमाळचा कापूस दक्षिणेकडे कशाला जाईल? तो बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, धामणगाव स्टेशनवर जायचा, नाहीतर मूर्तिजापूरच्या छोट्या लाइनने. जिल्ह्यातले पक्के रस्ते कापूस रेल्वेपर्यंत नेण्यासाठी होते. नागपूरहून यवतमाळवरून थेट तुळजापूर हा विचार राज्य एक झाल्यावरचा.

आमचा रस्ता आधी राज्यमार्ग होता, आणि राज्यमार्ग ही वर्गवारीच नागपुरात ठरली. 1943 मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांची बैठक तिथे झाली. राष्ट्रीय मार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते अशी उतरंड त्या नागपूर योजनेत मांडली गेली. त्यात राज्यमार्गाचं काम होतं जिल्ह्याची ठिकाणं आणि बाजारपेठा जोडण्याचं. आमच्या रस्त्याने ते अनेक वर्षं केलं. फाट्याफाट्यावर एसटी थांबायची, बाजाराच्या दिवशी बंड्या कडेने चालायच्या, आणि पलीकडचं वावर हे रस्ता ओलांडण्याइतकंच लांब होतं.

चौपदरी झाल्यावर मध्ये दुभाजक आला. आमच्या गावात निम्म्या लोकांची वावरं पलीकडे राहिली. सर्व्हिस रोड आहे, पण मध्येच तुटतो. ढोरं, बंडी, कापसाचा ट्रॅक्टर घेऊन दुभाजकातल्या पुढच्या कटपर्यंत जायचं आणि परत तेवढंच मागे यायचं. म्हणून लोक चुकीच्या बाजूने येतात, आणि अपघात झाला की दोष त्यांचाच. संबंधित कार्यालयात आम्ही निवेदनं दिली, उत्तर आलं नाही.

आता शक्तिपीठ. 2024 ला समोर आलेल्या मूळ आराखड्यात पवनार ते गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी, 802 किलोमीटर, 12 जिल्हे, वाटेत माहूर, तुळजापूर, कोल्हापूर. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादनासाठी 20,787 कोटींची तरतूद मंजूर केली. त्याचा सुरुवातीचा भाग वर्धा, यवतमाळ, नांदेड याच पट्ट्यातला आहे, जिथे आपला चौपदरी रस्ता आधीच आहे. माझं म्हणणं इतकंच: आधी या रस्त्याचे सर्व्हिस रोड, भुयारी मार्ग आणि शेतात जाणाऱ्या पांदणीची तोंडं पूर्ण करा. तोवर त्याच्या शेजारी दुसरा रस्ता नको.

सावंगी_नाका

तुमच्या गावाची अडचण खरी आहे, निष्कर्ष मान्य नाही.

यवतमाळहून गंभीर रुग्ण वर्ध्याजवळ सेवाग्राम किंवा सावंगी मेघेच्या दवाखान्यात आणावा लागतो. तो रस्ता पूर्वी एकपदरी-दुपदरी होता तेव्हा ट्रकच्या मागे अडकलेली रुग्णवाहिका मी पाहिली आहे. पावसाळ्यात देवळी ते कळंब खड्डे चुकवत जायचं. आज तोच प्रवास रुग्णाला झेपतो. दुभाजक काढून टाकलेला तो जुना रस्ता परत हवा असं इथे कोणी मनापासून म्हणेल का?

दुसरं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर आणि 10 जिल्ह्यांतून गेला, त्यात यवतमाळ नाही. तुम्हाला धामणगावला जाऊन चढावं लागतं. म्हणजे विदर्भात पहिला द्रुतगती मार्ग येऊनही तुमचा जिल्हा बाहेर राहिला. आता दुसरा थेट यवतमाळातून जातो आहे तर आपणच नको म्हणायचं? वर्ध्याच्या पुढे जड वाहनं वेगळ्या मार्गावर गेली तर तुमचा तुळजापूर रोड मोकळा होईल. ट्रॅक्टरला आणि एसटीला जागा मिळेल. तुम्हाला जे हवं आहे ते शक्तिपीठानेच होईल.

काळी_कसदार

सावंगीवाले भाऊ, जड गाड्या तिकडं जातीन हे तुमाले कोनं सांगतलं? तिकडं टोल जास्त बसंन. ट्रकवाला डिझेल आन टोल दोन्ही मोजते. तो जुन्याच रोडनं जाईन.

माहं वावर चौपदरीत एकडाव गेलं. पैसा भेटला, नाही भेटला असं मी म्हनत नाही. पन त्या पैशात मले गावाजवळ तेवढं वावर भेटलं नाही, काहून का रोड आला तसे भाव वाढले. ज्याचं गेलं त्यालेच महाग झालं. उरलं त्याचे दोन तुकडे. एका तुकड्यात हीर, दुसऱ्यात कापसाची पराटी. पाइप रोडखालून न्याले परवानगी मागतली तं फाइल फिरूनच राह्यली. आता परत मोजणीवाले आले तं मी कोन्या तोंडानं हो म्हनू?

पैनगंगाकाठ

इतिहासाबद्दल धुरेकरींशी माझा मतभेद आहे. हद्दी सरकारांच्या होत्या, माणसांच्या नव्हत्या. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून याच मुलखातून उत्तर-दक्षिण जात होते. माहूरची रेणुका निजामाकडे आणि तिचे भक्त वऱ्हाडात. आर्णीवरून धनोड्याला पैनगंगा उतरून लोक जातच होते. उमरखेड आणि हदगावच्या सोयरिकी कुठल्या तहाने थांबल्या नाहीत. त्यामुळे हा मार्ग 1956 नंतर सुचला हे म्हणणं पटत नाही. वाट होतीच, सरकारने तिच्यावर डांबर टाकलं.

आणि वाट होती म्हणूनच मी नवीन रस्त्याच्या बाजूने आहे. पैनगंगा भरली की उमरखेड-हदगावमधला मार्लेगावचा पूल बंद, आणि धनोड्यालाही तीच गत. उमरखेडचा माणूस नांदेडला दवाखान्यात असेल तर घरच्यांनी काय करायचं? दोन जिल्ह्यांमध्ये पुरातही चालणारा एक उंच पूल हवा. तो शक्तिपीठातून मिळणार असेल तर मिळू द्या.

धुरेकरी

वाटा होत्या हे मान्यच आहे, मी पक्क्या रस्त्याबद्दल बोललो. तांड्याची वाट कोणाच्या खर्चाने राखली जात नव्हती. राखायची जबाबदारी कोणावर आहे यावरच तर आपण भांडतो आहोत. दोन्ही काठांवर वेगळं सरकार असताना मधल्या नदीवर पूल कोण बांधणार?

तुमच्या उंच पुलाला माझा पूर्ण पाठिंबा. पण पूल हवा तर पूल मागूया ना. मार्लेगावचा पूल उंच करायला 802 किलोमीटरची जमीन घ्यावी लागत नाही. आणि नवीन रस्त्यावर चढायला जागोजाग फाटे नसतात. मोजक्याच ठिकाणी चढता-उतरता येतं. तिथवर जायचं कसं? याच तुळजापूर रोडने आणि त्याच्या तुटक्या सर्व्हिस रोडने.

पुसदचा_माणूस

तुम्ही दोघंही महागाववरून सरळ उमरखेडला जाता, जसा हा रस्ता जातो. पुसद बाजूला राहतं. वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते, पुढे सुधाकरराव झाले, दोघंही आमच्या तालुक्याचे. तरी मुख्य रस्ता आमच्या गावावरून गेला नाही.

आमची आशा वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेवर. 284 किलोमीटरची लाइन, मंजुरी 2008 च्या सुमारास, आणि पहिला टप्पा वर्धा ते कळंब सुरू झाला फेब्रुवारी 2024 ला. एवढी वर्षं कळंबपर्यंत यायला लागली. त्याच काळात चौपदरी रस्ता झाला, समृद्धी झाला. शेतकऱ्याचा माल आणि गरिबाचं तिकीट दोन्ही रेल्वेला स्वस्त. मला दोन्हीपैकी कुठलाच रस्ता नको, आधी यवतमाळ-दिग्रस-पुसद रूळ टाका.

सावंगी_नाका

रेल्वे हवीच, पण रेल्वे मुख्यतः केंद्राची, तिच्यात राज्याचा फक्त वाटा आहे, आणि शक्तिपीठ राज्याचं. एकाचे पैसे थांबवले म्हणून दुसऱ्याला आपोआप मिळत नाहीत. आणि काळी कसदार भाऊंची पाइपची अडचण वाचून खरंच वाईट वाटलं. नवीन रस्त्यात ही कामं करारातच लिहून घेतली पाहिजेत, याला माझा पाठिंबा. पण विरोध करून बाहेर बसलो तर करारात काय लिहिलं जातं हे आपल्याला कळणारच नाही.

धुरेकरी

मग करारावरच बोलू. बुटीबोरी-वर्धा आणि वर्धा-यवतमाळ चौपदरीकरण हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीने झालं. त्यात 40 टक्के रक्कम सरकार बांधकाम चालू असताना देतं, उरलेली हप्त्याहप्त्याने, रस्ता सांभाळण्याच्या वर्षांत. म्हणजे पैसे अजून जाताहेत आणि रस्त्याच्या देखभालीची जबाबदारी अजून आहे. आपण ती का वापरत नाही? शेतात जाणाऱ्या पांदणीसाठी 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धीची वेगळी योजना आली. पण तिची पांदण महामार्गाला येऊन मिळते तिथे उतार नाही. दोन खाती, मध्ये दोन फुटांचा खड्डा, आणि तो कोणाचाच नाही.

ग्रामसभेत आम्ही ठराव मांडतो आहोत: कोणत्या ठिकाणी भुयारी मार्ग, कुठे सर्व्हिस रोड जोडायचा, कुठून पाइप न्यायचा. शक्तिपीठाला हो किंवा नाही त्यात लिहिलेलं नाही, कारण गावातच दोन मतं आहेत. पण हे काम झाल्याशिवाय नवीन मोजणीला संमती नाही, एवढं लिहिलं आहे.

काळी_कसदार

त्या ठरावात पाइपाची लाइन पह्यले लिहा. मी सही करतो.

पैनगंगाकाठ

शेवटच्या वाक्याला माझा विरोध. संमती अडवली तर आमचा पूल अडतो. बाकी ठरावाचा मसुदा इथे टाका, उमरखेडकडच्या गावांत मार्लेगावच्या पुलाची मागणी जोडून तोच फिरवतो.