आमच्या थ्रिलरची सुरुवात : 'मूड आहे पण थ्रिलर नाही' म्हणजे नक्की काय चुकलंय?

निळी_शाई :

नमस्कार, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही पाच जणांनी एका थ्रिलरची फक्त सुरुवात शूट केलीय, पूर्ण फिल्म नाही, २ मिनिटं १० सेकंद, टायटल्स धरून. आता त्याचं मूल्यमापन आमचं आम्हीच लिहून द्यायचंय, काय जमलं, काय फसलं आणि का, आणि मी दोन दिवस तिथेच अडकून बसलेय कारण मला खरंच कळत नाहीये की काम चांगलं झालंय की नाही. मित्रमैत्रिणींना दाखवलं तर सगळे म्हणाले भारी झालंय, लाइटिंग तर एकदम मस्त. सरांनी बघितलं आणि एवढंच बोलले, मूड आहे पण थ्रिलर नाही. ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

गोष्ट अशी. पावसाळी संध्याकाळ, एकटी राहणारी मुलगी चिंब भिजून घरी येते, छत्री नाहीये तिच्याकडे. आत येते, केस पुसते. दाराजवळच्या खुंटीला एक ओली छत्री लटकतेय, खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. म्हणजे घरात कोणीतरी आहे. मग ती पॅसेजमधून आत जाते, दाराच्या फटीतून कोणीतरी बघतंय, डोळ्याचा क्लोजअप, ती वळते, स्क्रीन काळी, टायटल. एकूण ४१ शॉट. मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत एक खोल घुमणारं म्युझिक. छत्रीचा शॉट अर्धा सेकंद ठेवलाय, पटकन दिसून जावा अशी आयडिया होती. बघून झाल्यावर दोघींनी विचारलं, तो डोळा कोणाचा, तिच्या भावाचा का? मला रडूच आलं.

प्लीज नुसतं छान छान नको, कुठे काय चुकलं ते सांगा.

कात्री_आणि_कट :

तुझे सर आणि त्या दोघी एकच गोष्ट सांगतायत बघ. ती मुलगी एकटी राहते हे तुला माहितीये, तुमच्या पाच जणांना माहितीये, पण प्रेक्षकाला हे कुठल्या शॉटमधून कळतं? तू जे लिहिलंयस त्यात मला तरी असा एकही शॉट दिसला नाही. एकटी राहते हे कळलं नाही तर ती छत्री घरातल्याच कोणाची तरी असणार, मग भावाचा डोळा हा त्यांचा अंदाज बरोबरच आहे की, चूक त्यांची नाहीये.

आणि अर्धा सेकंद म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) असलेल्या टाइमलाइनवर जेमतेम १२-१३ फ्रेम. तुम्ही तो शॉट एडिट करताना शंभर वेळा पाहिलाय म्हणून तुम्हाला दिसतो. नवीन माणसाचा डोळा फ्रेममध्ये शिरेपर्यंत कट होऊन गेलेला असतो, त्यात ती मुलगी तिकडे केस पुसतेय म्हणजे नजर तिच्यावरच. १३० सेकंदात ४१ शॉट म्हणजे सरासरी एक शॉट तीन सेकंदांच्या आसपास, मग सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूलाच सगळ्यात कमी वेळ का?

थ्रिलरसाठी प्रसिद्ध दिग्दर्शक हिचकॉकने १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. माणसं गप्पा मारतायत, बॉम्बचं प्रेक्षकाला माहीतच नाही आणि एकदम स्फोट झाला, तर १५ सेकंदांचा धक्का. तेच बॉम्ब आधी दाखवला तर त्याच साध्या गप्पा १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. तुमची छत्री म्हणजे तो बॉम्ब आहे आणि तुम्ही तो लपवून ठेवलाय. छत्री नीट तीन सेकंद दाखवा, तिला दिसू देऊ नका, फक्त आपल्याला दिसू दे, मग ती आरामात केस पुसत राहिली तरी आपल्या पोटात गोळा येईल. सुरुवातीचं मूल्यमापन करायचं म्हणजे मी तर एवढंच बघतो की प्रत्येक टप्प्यावर प्रेक्षकाला काय माहितीये आणि त्याच्या मनात कुठला प्रश्न आहे. लाइटिंग त्यानंतर.

निळी_शाई :

अरे देवा. दादा, आमच्याकडे एक शॉट आहे ज्यात ती बाहेरून दाराला लावलेलं कुलूप किल्लीने काढते, कडी सरकवते, चांगला सहा सेकंदांचा आहे, तो आम्ही काढून टाकला कारण स्लो वाटत होता!! आता फिल्ममध्ये ती डायरेक्ट दार ढकलून आत येते.

कात्री_आणि_कट :

तो शॉट परत घाला. आजच. बाहेरून कुलूप होतं, म्हणजे आत कोणी असूच शकत नाही, आणि आत ओली छत्री टपकतेय. हे दोन शॉट जवळ आले की प्रश्न आपोआप तयार होतो, मग आत शिरलं कसं कोणी? एक संवाद नाही, एक अक्षर नाही. कुलूप चार सेकंद ठेवा, हात थंडीने कापत असतील आणि किल्ली एकदा चुकत असेल तर ते नक्की ठेवा. स्लो वाटलं कारण तेव्हा त्याला काही अर्थ नव्हता, छत्री दिसल्यावर त्याला अर्थ येतो.

आवाज_ऐका :

मी साउंडचं काम करते म्हणून तेवढंच बोलते. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच घुमणारं म्युझिक म्हणजे तुम्ही प्रेक्षकाला सुरुवातीलाच सांगून टाकलं की घाबरा, आणि मग दोन मिनिटं तेच सांगत राहिलात. अर्ध्या मिनिटात कानाला सवय होते आणि ते ऐकू येईनासं होतं. मूड आहे थ्रिलर नाही, यातला मोठा वाटा मला इथेच दिसतोय. शिवाय सरांनी कशावर बघितलं? लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर असलं अगदी खालच्या पट्टीतलं म्युझिक जवळपास येतच नाही, तुम्ही हेडफोन लावून एडिट केलं असणार. तिन्हीवर ऐकून बघा आणि जे ऐकू आलं ते मूल्यमापनात तसंच्या तसं लिहा.

मी काय करेन सांगू का, बाहेर पावसाचा आवाज चांगला मोठा ठेवेन आणि तिने दार लावलं की म्युझिक पाऊस सगळं खाड्कन खाली. आता घर शांत. पण पूर्ण सायलेंट ट्रॅक नको हं, ते आवाज गेल्यासारखं वाटतं, ज्या खोलीत शूट केलं तिथे जाऊन सगळ्यांनी गप्प उभं राहून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा आणि तो खाली पसरा. मग त्या शांततेत, टप... टप... छत्री दिसायच्या आधी दोन सेकंद तिचा आवाज येऊ दे. ती केस पुसतेय आणि आपण शोधायला लागतो की हे काय टपकतंय, आणि मग कट टू छत्री. म्हणजे कात्री दादांना हवी आहे तशी नजर आधीच तयार असेल. टपटप वेगळी रेकॉर्ड करा, स्टीलच्या ताटात नको, फरशीवरच थोडं पाणी सांडून त्यात थेंब पाडा, मोबाइल अगदी जवळ धरा.

टायटल्सबद्दल तू काही लिहिलं नाहीस. कुठे येतात?

निळी_शाई :

ताई, टायटल्स सगळीकडे येतात 😟 नावं पॅसेजपर्यंत चालू असतात, छत्रीच्या शॉटवर पण कॅमेऱ्याचं नाव आहे.

आवाज_ऐका :

अगं मग बघणारा नाव वाचणार की छत्री बघणार? दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल' या फिल्मची, १९५८ ची, सुरुवात तुम्ही शोधून बघाच. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो तिथपासून तीन मिनिटांच्या वर एकच सलग शॉट. स्टुडिओने त्यावर टायटल्स आणि म्युझिक चढवलं होतं. वेल्सने आपल्या म्हणण्याचं ५८ पानी टिपण स्टुडिओला लिहिलं होतं, त्याच्या आधारे १९९८ मध्ये एडिटर वॉल्टर मर्चने फिल्म परत एडिट केली, तेव्हा त्या शॉटवरची नावं काढली आणि ते म्युझिक काढून रस्त्यावरचे आवाज, येणाऱ्याजाणाऱ्या गाण्यांचे तुकडे ठेवले. दोन्ही लागोपाठ बघा, शॉट तोच आहे पण दुसऱ्यात तुम्ही त्या गाडीवरून नजर हलवत नाही. तुमची नावं पावसात, ती घरी पोचेपर्यंत संपवा.

मागचा_बाक :

मी मुलांचे असे प्रोजेक्ट तपासतो, म्हणून लिहिण्याच्या बाजूने सांगतो. बहुतेक मुलं लिहितात की आम्ही लो अँगल (खालून वर बघणारा कॅमेरा) वापरला त्यामुळे भीती निर्माण झाली. कोणाला झाली? कधी झाली? तपासणाऱ्याला अशा वाक्याचं काहीच करता येत नाही. तू तुझ्या प्रश्नात जे लिहिलंयस ना, दोघींनी विचारलं भावाचा डोळा का, तेच खरं मूल्यमापन आहे, ते लपवू नकोस. टाइम लिही, शॉट लिही, काय अपेक्षा होती ते लिही, बघणारा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही, आणि मग कारण. "०:३८ ला छत्री दिसते, आम्हाला वाटलं कळेल, दोघींना दिसलीच नाही, कारण शॉट १२ फ्रेमचा, वर टायटल आणि नजर मुलीवर." असं एक वाक्य दहा कौतुकाच्या वाक्यांपेक्षा जास्त मार्क मिळवून देतं.

आणि मित्रमैत्रिणींना कसं झालंय असं विचारू नकोस, ते भारीच म्हणणार, त्यांना तुझं मन राखायचंय. ज्यांनी पाहिलं नाहीये अशा चार जणांना एकेकट्याला बसव, छत्रीनंतर लगेच पॉज कर आणि विचार, आता काय होईल असं वाटतंय? बस. उत्तर येताना मध्ये बोलू नकोस, समजावू तर अजिबात नकोस.

एक शंका. पॅसेजमध्ये ती कुठल्या बाजूला बघते आणि तो डोळा कुठल्या बाजूला? कारण तिच्याकडेच कोणी बघतंय हे ठसलं असतं तर भावाचा प्रश्न आला तरी त्यात थोडी भीती असती.

निळी_शाई :

आत्ता चेक केलं. ती डावीकडे चालतेय आणि फटीतला माणूस पण डावीकडेच बघतोय. म्हणजे तो तिच्याकडे बघतोय असं वाटतच नाही, दोघं एकाच दिशेला बघतायत!! शूटच्या वेळी कॅमेरा पॅसेजच्या दुसऱ्या बाजूला नेला होता कारण तिथे प्लग होता.

मागचा_बाक :

लाइन क्रॉस झाली. १८० अंशांचा नियम, म्हणजे दोन माणसांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा, पुस्तकात वाचताना कंटाळवाणा वाटतो, पण अशा वेळी कळतं तो कशाला आहे. प्लगमुळे झालं हेही लिही, ते खरं कारण आहे.

कात्री_आणि_कट :

परत शूट करायची गरज नाही, डोळ्याचा शॉट आडवा फ्लिप कर. फक्त त्यात काही अक्षरं नाहीत ना बघ.

निळी_शाई :

मागे भिंतीवर घड्याळ आहे, आकडे उलटे दिसतील 😭

कात्री_आणि_कट :

फोरकेमध्ये शूट केलंय का? ३८४० बाय २१६० असेल आणि टाइमलाइन १९२० बाय १०८० असेल तर दुप्पट झूम केलं तरी क्वालिटी जात नाही. झूम करून घड्याळ फ्रेमबाहेर काढ, डोळा अजून जवळ येईल ते वेगळंच.

मागचा_बाक :

मला विचारशील तर कुलूप आणि छत्री नीट बसल्यावर डोळा लागतोच का हेही एकदा बघ. डोळा दाखवला की प्रश्न संपतो, आत माणूस आहे हे कळून जातं.

कात्री_आणि_कट :

इथे माझं मत वेगळं आहे सर. दोन मिनिटांच्या शेवटी काहीतरी हाती लागलं पाहिजे, नुसती छत्री घेऊन टायटलवर गेलो तर अर्धवट वाटेल. डोळा एक सेकंदच ठेवा पण ठेवा.

निळी_शाई :

मी दोन्ही व्हर्जन केली. काल रात्री चार जणांना बसवलं, दोघांना डोळा असलेलं, दोघांना नसलेलं. छत्रीनंतर पॉज केल्यावर तिघं म्हणाले घरात कोणीतरी आहे, त्यातली एक म्हणाली "पण कुलूप तर बाहेरून होतं ना", हे तिने स्वतःहून म्हटलं!! चौथ्याला वाटलं की छप्पर गळतंय, त्याला टपटप पावसाचीच वाटली. डोळा नसलेलं ज्यांनी पाहिलं त्यातल्या एकाने शेवटी मागे वळून स्वतःच्या दाराकडे बघितलं, तेही मी लिहून ठेवलंय. आम्ही डोळा काढतोय. दादा सॉरी.

छपराचं काय करू? आणि टायटल छत्रीवरच आणलं तर?

आवाज_ऐका :

छपरासाठी, टपटप सुरू व्हायच्या आधी पाऊस अजून खाली घे आणि थेंबाचा आवाज दाराच्या बाजूने येऊ दे, सध्या तो दोन्ही कानात सारखा आहे. टायटल छत्रीवर नको. ती पॅसेजमध्ये वळली की काळं कर, टपटप चालू ठेव, आणि टपटप थांबली की मग नाव आण.

कात्री_आणि_कट :

सॉरी कशाला, दाराकडे बघणारा माणूस माझ्या मतापेक्षा मोठा. थांबायच्या आधीच्या दोन थेंबांमध्ये अंतर थोडं वाढव.